ज्यांचा डिटेक्टिव्ह एकदाच चुकला

केशवकाका गेल्याचं मला कळलं ते कांद्याच्या चाळीत. आम्ही सडके कांदे निवडून बाजूला काढत होतो आणि घोडेगावहून भावाचा फोन आला. "आक्के, आपलं केशवकाका गेलं..." हातात कांदा असला की एक बरं असतं, डोळ्यांतल्या पाण्याची कुणी चौकशी करत नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मात्र लगेच ओळखलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या उठून जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रड गं. त्या मान्सासाठी रडायलाच पायजे."

केशवकाका माझे सख्खे काका नव्हते. घोडेगावच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात माणसं मारायचे... कागदावर. नव्वदच्या आसपास मंचर, नारायणगाव, जुन्नर कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहिलं, तर केशव माळव्यांची रहस्यकथा दोरीला टांगलेली दिसायची. मुखपृष्ठावर पिस्तूल, एक घाबरलेली बाई आणि टोपी डोळ्यांवर ओढलेला डिटेक्टिव्ह यशोधन. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, 'जो कधीच चुकत नाही!' भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत ती फाटेपर्यंत फिरायची. काही नतद्रष्ट वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्याच्या वाचण्यावर पाणी. काकांनी त्यावर आपल्या स्वभावाचा उपाय काढला होता. वाचनालयात गेले की इकडंतिकडं बघून ते स्वतःच आपल्या पुस्तकांवर पेन्सिलीनं भलत्यासलत्याची नावं लिहून यायचे. जुन्नरच्या वाचनालयवाल्या रफिकभाईंनी त्यांना एकदा रंगेहाथ पकडलं. "गुरुजी, तुमचीच पुस्तकं खराब करता?" तर काका म्हणाले, "खराब नाही हो, दुरुस्त करतोय. आता पेन्सिलीवर कुणी विश्वास ठेवणार नाही."

माझे वडील बबन काठे मूळचे डिंभ्याचे. घोडेगावात त्यांचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. शाळा सुटली की काका तिथं स्टुलावर येऊन बसत. त्यांना विजेचं काहीही कळत नव्हतं आणि सगळं कळून घ्यायचं होतं. "बबनराव, ह्या मोटरीनं माणूस मरेल का हो?" "मरंल की. पण आधी फ्यूज जाईल." "आणि फ्यूज जाऊच द्यायचा नसेल तर?" वडील मनापासून उत्तर द्यायचे, आणि शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक मोटर तिथंच टाकून हळूच सटकायचं. एसटीतही दोघं असंच मोठ्यानं बोलत बसायचे. मृतदेह कुठं टाकला म्हणजे लवकर सापडत नाही यावर त्यांचं एकदा इतकं रंगलं, की कंडक्टरनं येऊन नम्रपणे विचारलं, "पावणं, तुमी उतरणार कुठं?"

काकांची लिहिण्याची एक रीत होती. पात्रांना ते खरी नावं द्यायचे, ओळखीच्या माणसांची, गावासकट, धंद्यासकट. "खोट्या नावाचा माणूस माझ्या डोळ्यांपुढं उभाच राहत नाही," ते म्हणत. अर्थात आधी विचारून. आणि गंमत म्हणजे नाही कुणीच म्हणत नसे. उलट लोक मागं लागायचे. तळेघरचे एक गृहस्थ पुस्तकात आपला मुडदा सापडला म्हणून पेढे घेऊन आले होते. वडिलांची मात्र कायमची तक्रार. "केशवराव, येवढी पुस्तकं झाली, मी आपला दारात हुबा ऱ्हाणारा साक्षीदार. आमाला काय मोठं काम हाय का न्हाई?" काका म्हणाले, "खुनी करू?" वडिलांचा चेहरा उजळला. "करा की! खुनी शेवटच्या पानापर्यंत तर ऱ्हातो." झालं. 'विहिरीतला पाहुणा' छापून आलं, आणि आमचे वडील ते दुकानात मोटरींच्या मध्ये मांडून येईल त्याला दाखवू लागले, "ह्यो बघा, मी. खून केलाय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं. स्थळ बोरी बुद्रुकचं, मुलगा दिलीप, घरची शेती, शिवाय नारायणगावात औषधांच्या दुकानात काम. शेतीच्या औषधांच्या. मला तो आवडला होता, हे आज लिहायला हरकत नाही. बघायला आला तेव्हा आमची गाय सुटली, आणि नवीकोरी पँट घातलेला हा माणूस कुणाकडं न बघता तिच्यामागं धावला. चिखलानं माखून परत आला, गाय बांधली, आणि मग माझ्याकडं बघायचं राहूनच गेलं हे त्याच्या लक्षात आलं. सुपारी फुटली, तारीख काढायची तेवढी बाकी होती.

घोडं अडलं ते इथं. दिलीपची आई, म्हणजे आत्या, शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण रहस्यकथा ऐकण्याचा त्यांना भारी नाद. भाचा नारायणगावातून पुस्तक आणायचा, आणि दुपारी लसूण सोलता सोलता त्या ऐकायच्या. यशोधनवर त्यांचा देवासारखा भरवसा. एके दुपारी भाच्यानं शेवटचं पान वाचलं, 'खुनी दुसरातिसरा कुणी नसून डिंभ्याचा मोटर-मेकॅनिक बबन काठे होता!' लसूण तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आमच्या दारात. "जरा दमानं घ्या, म्हणत्यात." कशासाठी ते सांगायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी सांगितलं, तेव्हा आधी वडील हसले. मग त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

आज याला कुणीही हसेल. पण सुपारी फुटल्यावर लग्न मोडलं की बोट मुलीकडंच वळतं. कारण कुणी विचारत नाही आणि विचारलं तरी कुणाला पटत नाही. आई देवापुढं बसून राहिली. मी दुकानातलं ते पुस्तक उचलून कपाटामागं टाकलं आणि पोटभर रडले. वडील बोरीला जाऊन हात जोडून आले, उपयोग झाला नाही. मग काका म्हणाले, "मी येतो. मी लिहिलंय, मीच सांगतो."

बोरीच्या ओट्यावर काय झालं ते वडिलांनी नंतर इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं होते असंच मला वाटतं. काका म्हणाले, "मावशी, हे सगळं मी लिहिलंय. ते खोटं आहे."

"मंग तुमी खोटं लिव्हता?"

"तसं नव्हे, गोष्ट आहे ती."

"गोष्ट आसंल तर गाव खरं कसं? नाव खरं कसं? मोटरीचा धंदा खरा कसा? समदं खरं, आन येवढा खूनच खोटा व्हय?"

यशोधननं आजवर इतका सरळ प्रश्न कुणाला विचारला नव्हता, असं काका पुढं सांगायचे. आत्या काही वाईट बोलल्या नाहीत. चहा दिला. मग म्हणाल्या, "ह्ये बघा गुरुजी, पोरगी चांगली हाय, मला बी पसंत हाय. पण उद्या गाव इचारंल. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर तलाठ्यानं नुसतं तोंडानं सांगून भागतं का? उताऱ्यावरच दुरुस्त व्हावं लागतं. तुमी छापून लिव्हलंय, तर छापूनच पुसा."

वडिलांना वाटलं, संपलं आता. पण परतीच्या एसटीत काका खिडकीबाहेर बघत बसले होते, ते एकदम म्हणाले, "बाईचं म्हणणं बरोबर आहे." छापून पुसायचं म्हणजे काय, हे ज्यानं ती पुस्तकं वाचलीत त्यालाच कळेल. बबन काठे निर्दोष ठरायचा तर यशोधन चुकलेला असायला हवा. आणि यशोधन चुकत नाही यावर तर काकांचं सगळं दुकान उभं होतं. घरी आल्यावर वडिलांनी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "केशवराव, पोरीच्या नशिबात आसंल ते हुईल, तुमी आपलं नाव घालवू नगा." काका चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "पोरीचं लग्न मोडून मी कसली पुस्तकं लिहू?"

त्यांनी 'दुसरी तार' लिहिली. पहाटे उठून, शाळेला जायच्या आधी, मान मोडून. मोटरीला जोडलेली एक तार यशोधनच्या नजरेतून सुटली होती, अशी ती गोष्ट. पुण्याचे प्रकाशक ऐकेनात. गुप्तहेरच चुकला तर पुढचं पुस्तक कोण घेईल, हा त्यांचा सवाल रास्तच होता. काका हटले नाहीत. शेवटी पुस्तक निघालं, फक्त मागच्या बाजूची ती ठळक ओळ गेली, ती कायमचीच. पुस्तकाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. डिंभ्याच्या स्टँडवर, गर्दीसमोर, यशोधन डोक्यावरची टोपी काढतो आणि म्हणतो, 'बबनराव, माझी चूक झाली.' वडिलांनी ते पान दुकानात उभ्यानं वाचलं आणि शटर खाली ओढून घेतलं.

पहिली प्रत काका स्वतः बोरीला घेऊन गेले. भाच्यानं वाचायला घेतलं, आत्या लसूण बाजूला ठेवून ऐकत होत्या. टोपी काढण्याचा प्रसंग आला आणि त्या उठल्याच. "बास. मिट आता पुस्तक. तारीख काढा." काकांचा जीव कासावीस. "अहो मावशी, पण खरा खुनी अजून..." "त्यो कुणी का आसंना! आमचा व्याही सुटला, आमाला काय करायचंय?" हे सांगताना काका हसून हसून बेजार व्हायचे. "जन्मभर लोकांना शेवटच्या पानापर्यंत ओढत नेलं, आणि ही बाई अर्ध्यातून उठली गं!"

लग्नात त्यांनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, त्या दिवसापासून कधीही, कुठंही भेटले की एकच विचारायचे, "काय गं, संसार बरा चाललाय ना? नाहीतर यशोधन उगाच चुकला म्हणायचा." आणि मी खरंच सांगते, दिलीपशी कडाक्याचं भांडण होऊन मी पिशवी भरायला घेतली की हे वाक्य आठवायचं आणि पिशवी परत रिकामी व्हायची. पुढं काकांची पुस्तकं कमी होत गेली. वाचकांची रागावलेली पत्रं आली, दरवर्षी हक्कानं पुस्तक मागणारे प्रकाशक मागेनासे झाले. काका म्हणायचे, "टीव्ही आला गं घराघरांत, आता कोण वाचतंय." टीव्ही आला होता हे खरंच आहे. पण काका हे माझ्यासाठीच म्हणत होते, हे कळण्याइतकी मी शहाणी होते. 'दुसरी तार' का लिहिली, हे त्यांनी जन्मात बाहेर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं लग्न अडलं होतं हेही लोकांना कळलं असतं, एवढंच त्याचं कारण. या माणसाचे आभार मी कसे मानायचे होते... समोर कधी मानलेच नाहीत. मानू दिले नसते त्यांनी.

शोकसभा घोडेगावात झाली. पुण्याहून एक अभ्यासक आले होते, काकांबद्दल फार प्रेमानं बोलले. शेवटी मात्र म्हणाले, "'दुसरी तार'पासून त्यांची पकड सुटली. आपल्याच नायकाला त्यांनी असं का पाडलं, हे कोडं काही उलगडत नाही." मला उठून सांगायचं होतं. तर शेजारून दिलीप उठला. हा माणूस ग्रामसभेतसुद्धा कधी तोंड उघडत नाही. म्हणाला, "सायेब, त्ये मी सांगतो. त्यो चुकला म्हणून आमचं लगीन झालं. ही आमची मंडळी, आन ह्या आमच्या दोन पोरी." एवढं बोलून खाली बसला आणि घाम पुसू लागला. मग रफिकभाईंनी पुढं येऊन दोन्ही पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी आल्यावर आत्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "येवढं घालवलं व्हय त्यांनी आपल्यापायी... मला कुठं ठावं व्हतं." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "खून मंग कुणी केला व्हता गं?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं. म्हटलं, "असं सांगायचं नसतं, आत्या. ऐकावं लागतं."

आता दुपारी कामं आटोपली की आम्ही दोघी चाळीच्या सावलीत बसतो. टोपी काढण्याच्या प्रसंगापासून मी पुढं वाचायला घेतलंय. आत्यांचा संशय आधी डॉक्टरवर होता, आता तलाठ्यावर आहे. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मुद्दाम थोडंच वाचते आणि पुस्तक मिटायला लागते, तशी त्या माझा हात धरतात. "मिटू नगं गं," म्हणतात, "वाच की फुडं."

काकांनी हे ऐकायला हवं होतं.