फोटोतला पाणीवाला माणूस

बायकोचा फोटो तिला न विचारता मी वर्गभर वाटला, आणि हे तिला कळलं ते झेरॉक्सवाल्याकडून. "वहिनी, तुमच्या प्रती जरा काळ्या आल्या होत्या. सरांना म्हणावं, परत काढून देतो," असं तो भर दुकानात म्हणाला. घरी आल्यावर तिने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "माझ्या प्रती?"

याचं उत्तर द्यायचं तर आधी वर्गाचं सांगावं लागेल. मी जळगावात जर्मन शिकवतो. तरुणपणी पुण्याच्या एका कारखान्यात परदेशी यंत्रांसोबत येणारे कागद वाचता यावेत म्हणून ही भाषा शिकलो होतो. यंत्रं कधी नीट कळली नाहीत, भाषा तेवढी राहिली. आता इकडच्या नर्सबाईंना जर्मनीतल्या दवाखान्यांत नोकऱ्या मिळतात, तेव्हा त्या माझ्याकडे येतात. अट परीक्षेची. लेखी आणि तोंडी.

पहूरची एक मुलगी लेखीत उत्तम, तोंडीत नापास झालेली. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने तिची जागा पुढच्या परीक्षेपर्यंतच राखून ठेवली होती. "या खेपेला नाही जमलं तर दुसरीला देणार म्हणे," हे तिने मला मराठीत सांगितलं. जर्मनमध्ये ती एवढंही बोलत नसे.

तोंडी परीक्षेत एक चित्र समोर ठेवतात आणि त्यावर बोलायला लावतात. म्हणून मी चित्रांवर भर दिला. पुस्तकात बर्फावर घसरणारं कुटुंब होतं. वर्ग त्याच्याकडे आदराने बघत बसला. मग मी कात्रीने एका गोष्टीच्या पट्ट्या केल्या, पिसल्या आणि म्हटलं, लावा क्रमाने. माझ्या मते फार हुशारीचा उद्योग होता. पहूरच्या मुलीने सगळ्यांच्या आधी पट्ट्या बरोबर लावल्या आणि हाताची घडी घालून बसली. तोंड न उघडता! गप्प राहायची उत्तम सोय मीच करून दिली होती.

त्या रात्री जेवताना मोबाईलमध्ये मला तो फोटो दिसला. शिरपूरकडे सासुरवाडीच्या शेतात भरीत पार्टी झाली होती, तेव्हा मेहुण्याने काढलेला. काड्यांचा जाळ, काळी झालेली वांगी, शेजारी बादली. डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस पाठमोरा बसून भाजलेली वांगी बादलीत बुडवून सोलतोय, आणि माझी बायको हातातली काडी त्याच्यावर रोखून उभी आहे. त्या क्षणी ती काय म्हणत होती ते मला पाठ आहे. चिडली की ती माहेरच्या बोलीवर जाते. "बठ्ठी चव पाणीमा गयी!" म्हणजे सगळी चव पाण्यात गेली.

पाठमोरा माणूस मीच होतो. बोटं भाजत होती हो.

मी तिच्या तोंडापुढे एक रिकामा फुगा काढला, खाली लिहिलं, 'ही काय म्हणते आहे?' आणि प्रती वाटल्या. तो माणूस कोण, हे सांगितलं नाही. शिक्षकाने सगळंच सांगायचं नसतं.

पहूरच्या मुलीने कागद बघितला आणि ती उभीच राहिली. "सर, हा वांगी पाण्यात बुडवतोय!"

"जर्मनमध्ये," मी म्हटलं.

"पाणी नाही!" ती जर्मनमध्ये म्हणाली. "का पाणी? धूर गेला! चव गेली!"

"पटकन सोललं जातं की," मागून धुळ्याची एक म्हणाली. तीही जर्मनमध्ये.

"पटकन पाहिजे तर बिस्किट खा!"

क्रियापदं कुठेही पडत होती. मी एकही उचललं नाही. शेवटी तिने विचारलं, "सर, मूर्खाला काय म्हणतात?" मी शब्द फळ्यावर लिहिला. तिने तो माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ उच्चारात, त्या टॉवेलवाल्यासाठी वापरला.

तेव्हा कळलं, नीटनेटक्या चित्रावर आपली माणसं बोलत नाहीत. कोणी चुकीचं करताना दिसलं की राहवत नाही. मग मी तसलीच चित्रं आणू लागलो. गादीवर खाली ठेवलेली सलाईनची बाटली, उलटी लावलेली पट्टी. पाककृतीचा उतारा मुद्दाम बिघडवून द्यायचा आणि मुलींनी तो भांडून दुरुस्त करायचा. चुकांचा तुटवडा पडला नाही, त्या घरातच तयार होतात.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. "पोरगी पास होईल का?" तिने एवढंच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

परीक्षेहून मुलीचा फोन आला तेव्हा ती रडवेली होती. चित्रात कुणी बागेत निखाऱ्यावर मांस भाजत होतं. त्यावरून ती भरतावर गेली. परीक्षक बाई म्हणाल्या, मी वांगं ओव्हनमध्ये भाजते. "आणि मी म्हटलं, ते चूक आहे! सर, परीक्षकांनाच चूक म्हटलं मी. किती वेळ समजावत बसले. आता गेली जागा."

निकाल येईपर्यंत मी वर्गात भरताचं नाव काढलं नाही.

पास झाली. पहूरहून हिरवी वांगी घेऊन ती घरी आली, फोटोतल्या बाईंना भेटायचंय म्हणाली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या, मला बाहेर बसवलं. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि पाण्याचा नळ एकदाही सुटला नाही.

ती गेल्यावर मी बायकोला विचारलं, "काय म्हणत होती?"

"तो पाणीवाला माणूस कोण, म्हणत होती."

"मग?"

"सांगितलं, घरचाच गडी आहे. काढता येत नाही."