अकोल्याला न पोचलेलं बोलणं

अमरावतीतलं जुनं टेलिफोन एक्सचेंज रिकामं करून राहिले असं कळलं, म्हणून परवा गेले. भंगाराच्या ढिगातला एक हेडफोन उचलून कानाला लावला. तापलेल्या रबराचा तोच वास आला आणि ती दुपार पुन्हा अंगावर आली.

मी तिथे ट्रंक ऑपरेटर होते. लाइन खराब असली की दोन्हीकडचं बोलणं मधल्या ऑपरेटरनं इकडून तिकडे सांगायचं, अशी आमची पद्धत. अकोल्याच्या दवाखान्यातून एक सून चांदूर बाजारच्या सासूशी बोलायला जिवाच्या आकांताने ओरडत होती. तिकडे काही ऐकू जाईना. शेवटी ती मलाच म्हणाली, "बाई, तुमीच सांगा आईले. हे गेले म्हना."

मी सांगितलं, तिच्याच शब्दांत. "आई, हे गेले."

खरखरीतून म्हातारी बोलली. तिला वाटलं, सूनच बोलून राहिली.

"रडू नको, माय. सोताले एकटी समजू नको. मी आत्ताच निघून राहिली."

हे अकोल्याला सांगायला वळले, तर लाइन मेलेली. "हॅलो अकोला, हॅलो अकोला" करून घसा फाटला. लाइन काही लागली नाही.

आता घरात रेंज गेली की पोरं कावतात. माझा हात आपसूक कानाकडे जातो. त्या सुनेच्या वाटचा तो धीर अजून माझ्याच कानात अडकलेला आहे.