डावखुऱ्या थावराची गोळी

तव्यावरची भाकरी फुगायला आली होती, बाजेवर पडल्या पडल्या नवरा ग्यानबा पुन्हा चहा मागत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. आशाबाईने पदराला हात पुसत कडी काढली. दारात तांड्यावरचे थावराकाका उभे. सत्तरीचा सडसडीत माणूस, डोक्याला लाल पागोटं, काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"डुक्कर मारायची वनखात्याची परवानगी आली," ते म्हणाले. "तुमचा ऊस पाह्याचा हाय, माय. चलता का?"

दोन हजार तीन सालचा जानेवारी. कुणीतरी लावलेल्या तारेच्या फाशात एक रानडुक्कर अडकलं, तार तोडून पळालं आणि तुटक्या पायाने आशाबाईच्या उसात शिरलं. तोड सुरू होती. शेवटचा पट्टा तेवढा उरलेला, त्यातच ते दबा धरून बसलं. ग्यानबा पाणी वळवायला गेला तो मांडी फाडून घेऊनच परतला. पट्ट्याच्या अंगालाच तोडकऱ्यांच्या खोप्या होत्या आणि खोप्यांत त्यांची लहान लहान लेकरं. दुपार झाली की डुक्कर तहानेने पाटावर यायचं. मोठी माणसं सावध राहतील, पण रांगत्या लेकराला कोण सांगणार? ऊस आपला आणि लेकरू दुसऱ्याचं, हा विचार आशाबाईच्या मनातून जात नव्हता.

थावराकाका विहिरीच्या मातीच्या ढिगावर चढले आणि उकिडवे बसून पाटाकडे बघत राहिले. इतका वेळ, की आशाबाईला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला.

"हितून," ते शेवटी म्हणाले.

"एवढ्या लांबून? काका, तिथला माणूस बी वळखू येत न्हाई."

"जवळ गेलं की त्याला वास लागतो. अन् माझी ठासणीची बंदूक, माय. एक गोळी सुटली की दुसरी भरस्तोवर ते खोप्यात असंल. एकच गोळी, अन् ती बराबर पायजे."

मग त्यांनी घोंगडी सोडली. पीक राखायच्या परवान्यावरची ती बंदूक आशाबाईने लांबून पुष्कळदा ऐकली होती, पाहिली आज. नळी हातभर जास्तच लांब. थावराकाका डावखुरे, म्हणून त्यांच्या बापाने लोहाराकडून घोडा मुद्दाम डाव्या अंगाला बसवून घेतलेला. दस्ता त्यांनी स्वतः सागाचा कोरला होता. गाल टेकायच्या जागी लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं, की जणू रोज कुणी लोण्याने चोळतं.

"चोळतोच की," तांड्यावर पोचल्यावर आशाबाईने तसं म्हणताच काकांची बायको रूपाबाई हसली. "सवत हाय ती माझी. माझ्या डोक्याला कधी तेल लावलं न्हाई, तिला रोज!"

"तू काय डुक्कर हाणतीस व्हय?" काका म्हणाले, आणि चुलीवर शिसं वितळवायला बसले.

आजवर ही बंदूक छर्रे भरून नुसती रोही-नीलगाईंना हुसकायला उडायची. लांबचा नेम हे काम निराळं, त्यासाठी सगळं नव्याने जमवावं लागणार होतं. काकांनी गोळ्या ओतल्या, गार केल्या आणि पितळी ताटात एकेक करून घरंगळू दिल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. पण काही सरळ गेल्या आणि काही जराशा लचकत, लंगडत.

"हिच्या पोटात हवा ऱ्हायली," लंगडी गोळी उचलून ते म्हणाले. "ताटात वाकडी चालती ती हवेत सरळ जाईल व्हय?" आणि ती पुन्हा चुलीवर.

दुपारी तांड्यामागच्या माळावर, ढिगापासून पाट जेवढा लांब तेवढ्याच अंतरावर, एक फुटकं सूप बांधाला टेकवलं. त्यावर चुन्याचा टिक्का. पहिली गोळी सुपाच्या खाली मातीत गेली. काकांनी नळी ओल्या फडक्याने पुसली, दारू चिमूटभर वाढवली. गोळी वर चढली. अजून चिमूटभर वाढवली, तर सूप जागच्या जागी आणि गोळीचा पत्ताच नाही.

"जोर जास्त झाला की नेम पळतो," ते स्वतःशीच बोलले. दारू कमी केली. मग नळीत घट्ट बसावी म्हणून गोळीभोवती गुंडाळलेलं कापड बदललं. जाडं काढून जुन्या धोतराचं पातळ घेतलं, तिळाच्या तेलात भिजवलेलं. ठासायचा गज नळीत ढकलताना दर वेळी हाताला तोच दाब, तेवढाच. आशाबाई बघतच राहिली. चपात्या लाटताना आपला हात असाच आपोआप फिरतो, हे तिला ठाऊक होतं. पण इथे त्या हातावर एका लेकराचा जीव टांगलेला होता. ऊन कलायच्या आत टिक्क्यावर दोन भोकं पडली, एकमेकांना चिकटून.

"मग आजच चला ना!" ती म्हणाली.

"आज न्हाई. पाटावर यायची त्याची येळ टळली. थंडीत तेल थिजतं, उन्हात पातळ होतं, गोळी तशी चालती. ज्या येळंला जमवलं त्याच येळंला मारायचं."

तोडकऱ्यांचा मुकादम जळबा हे ऐकून तडकला. "बंदुकीचं लगीन लावून राहिले का, काका? मुहूर्त काहून पाह्यता? लेकरं घेऊन झोपायचं आमाला हाय!"

काका नळी पुसत राहिले. आशाबाईने मात्र सगळी लेकरं, त्यांच्या आयांसकट, आपल्या घरी आणून निजवली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काका ढिगावर पालथे पडले. शेजारी वनरक्षक, मागे आशाबाई. खोप्या रिकाम्या. ऊस हलला. काळं, चिखलाने माखलेलं धूड तीन पायांवर बाहेर आलं, थांबलं, हुंगलं आणि पाटावर वाकलं. काकांचा श्वास चालू आहे की नाही, कळेना. चाप कधी ओढला, तेही तिला दिसलं नाही. माळावर काल ऐकलेला तोच आवाज, आणि पांढरा धूर सगळं झाकून बसला.

धूर विरला तेव्हा डुक्कर पाटाच्या काठावर आडवं होतं. वाकलं होतं तिथेच. तडफड नाही, ओरडणं नाही. पाण्यावर अजून त्याच्या तोंडाची वलयं पसरत होती. एवढ्या लांबवर, एवढीशी शिशाची गोळी! नकळत आशाबाईचे हात जोडले गेले, कुणासाठी ते तिलाही कळलं नाही.

जळबा धावत आला. त्याने काकांचे पायच धरले. "चुकलो, बाबा! बोला, काय पायजे तुमाला? कोंबडं कापू? फेटा बांधू?" माणसं गोळा झाली, वनरक्षक पाठ थोपटू लागला. गर्दीतून काकांची नजर आशाबाईला शोधत होती.

"माय," ते म्हणाले, "घागरभर कढत पाणी पायजे. दारूची राख लोखंड खाती, नळी आत्ताच धुवायची हाय."