थावरूबाबांचं टेकाड

थावरूबाबा टेकाडावर झाड लावताना पहार वापरत नसत. बोटांनी माती उकरायची, हाताला काही टणक लागलं की खड्डा बुजवून हातभर बाजूला सरकायचं. १९५६ साली लग्न होऊन मी बाभुळगावजवळच्या या मळ्यात आले, तेव्हा सकाळी व्हरांड्यातून ते पहिल्यांदा दिसले ते असे, उकिडवे बसून माती चाचपताना.

टेकाड गोल, पांढऱ्या मातीचं, भोवती बुजत आलेला खंदक. ते कुणी रचलं, गावात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, बागेची भारी हौस. व्हरांड्यातून शोभा दिसावी म्हणून त्यांनी टेकाडावर बुच, शिरीष, बकुळ अशी झाडं गोलाकार लावून घेतली. लावणारे थावरूबाबा. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरणारे बंजारे. हे मात्र मळ्याबाहेर पाऊल टाकत नसत. जेवायला हाक मारली तर म्हणत, "बकुळ पानी पिऊन राह्यली, तिचं होऊ द्या."

मामंजी गेले. पांढरी माती टाकली की कपाशी जोमानं येते, हे इकडे सगळ्यांनाच ठाऊक. पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या यजमानांनी टेकाड खणून वावरात पसरायचं ठरवलं. झाडं आधी पाडायची होती. मी नको म्हटलं, ते ऐकलं गेलं नाही.

ठरल्या सकाळी गाड्या आल्या, कुऱ्हाडवाले आले. थावरूबाबांनी गयावया केली नाही. यजमानांना जरा चला म्हणाले आणि दोन बकुळींच्या मधली माती हातांनी बाजूला केली. खाली एक काळं-तांबडं मडकं होतं. आत राख आणि हाडांचे तुकडे.

"मालक, असे लय हायेत इथं. पहिलं झाड लावतानाच मले सापडलं. तवापासून त्यायले सोडूनच झाडं लावली."

इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं यजमानांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं लोकायनं धनासाठी खोदलं असतं. हे कोनाचे तरी मायबाप हायेत."

यजमान खाली बसले. मडक्याच्या काठावर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता. त्यांनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तो नेमका बसला. मग स्वतःच्या हातांनी त्यांनी माती परत लोटली आणि माणसांना चहा देऊन परत पाठव, असं मला सांगितलं.

गाड्या वळल्या तेव्हा कुठं थावरूबाबा बुचाखाली टेकले. मी दिलेला चहा निम्माच प्यायले. "बाई, आठ रोज झाले, डोळा लागला नाही," एवढंच ते बोलले.

पुढं काही वर्षांनी ते पांढरकवड्याला लेकीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मला मात्र ते त्या दुपारचे आठवतात. बुचाच्या सावलीत, तोंड उघडं टाकून, घोरत पडलेले. आणि यजमान येणाऱ्याजाणाऱ्याला हळू बोलायला सांगताहेत.