उंबऱ्याचं कुंकू

तमिळ मुलखातल्या वेलचेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कमलिनी तळमजल्यावर राहायची आणि मी दुसऱ्या मजल्यावर. पहाटे सव्वापाचला तिचा नवरा सिद्धार्थ ओरगडमच्या कारखान्याची बस पकडायला निघे. त्याच्यामागं दार लागल्याचा आवाज आला की मी देवापुढं दिवा लावायची. माझं घड्याळ तेच. मग कमलिनीचा कुकर, मुलीची, सौम्याची वेणी, डबे, आणि आठला शेअर ऑटोत कशीबशी घुसून ती विमा कंपनीच्या ऑफिसला. संध्याकाळी येताना भाजी, मग सौम्याचा अभ्यास. त्यात तमिळचा गृहपाठ, जो हिला स्वतःला वाचता यायचा नाही. आणि रात्री आठला न चुकता गवंड्याला फोन.

हा गवंडी, नागोजी, देवगडजवळच्या गावात होता. इथून दोन रात्रींचा प्रवास. सिद्धार्थच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्यांचं घर बांधायचं चाललं होतं. राहायला नव्हे, मे महिन्यात पंधरा दिवस जायला. सौम्या झोपेतसुद्धा तमिळ बोलायची, तिला आपली माणसं कळावीत म्हणून.

हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तिनं मला एकदा लसूण सोलता सोलता सांगितलं. वडील रेल्वेत, त्यामुळं लहानपणी अकरा क्वार्टर झाली. लग्नानंतर सगळी भाड्याची घरं.

"काकू, कुठल्याच उंबऱ्याला पहिलं कुंकू माझं नाही. जिथं जावं तिथं आधीच्या बाईचं पुसट दिसतंच."

म्हणून तिनं नागोजीला बजावून ठेवलं होतं की, दाराची चौकट मी आल्याशिवाय बसवायची नाही. सुतारानं फणसाच्या लाकडाची चौकट केली, आणि ती शेजारच्या चुलत जावेच्या, सईबाईंच्या, गोठ्यात उभी राहिली.

मुहूर्त साडेतीनांपैकीच धर, पंचांग बघायला नको, हे मीच तिला सुचवलं. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

ते २००५ साल. गुढीपाडवा सौम्याच्या वार्षिक परीक्षेत गेला. अक्षय्य तृतीयेची तिकिटं काढली होती, तर कारखान्यात परदेशातून नवं यंत्र आलं आणि सिद्धार्थची रजा रद्द झाली.

"तू एकटी जाऊन ये," तो म्हणाला.

"चौकटीला जोडीनं बसतात. यंत्राला एकट्यानं बसता येत नाही का?" ती म्हणाली, आणि तिकिटं परत केली.

पुढं पावसाळा. मग दसरा, पण दसऱ्याला इथं आयुधपूजा, यंत्रांना गंध-फुलं, सुपरवायझर नसून कसं चालेल? आणि हिच्या ऑफिसात तपासणी. त्या दिवशी फोनवर नागोजीचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"वैनीनू, पुढची भिंत उघडी, वर छप्पर नाय. आत सईबायची म्हस येवन बसता. तिका घर पसंत पडला."

"दिवाळीच्या पाडव्याला नक्की येतो, नागोजी."

"गुढीपाडव्याकय तुमी असाच म्हणलात."

दिवाळी चार दिवसांवर आली आणि पाऊस लागला. वेलचेरीत पाणी येतं ते कुणाला नवीन नाही, घोट्यापर्यंत येतं आणि जातं. त्या वर्षी मांडीपर्यंत आलं. कमलिनीचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. तिघं आमच्याकडे वर आली. साड्या, कागदपत्रं सगळं सोडून तिनं आधी एक पिशवी डोक्यावर धरून आणली. हळदकुंकू, नारळ, सुपाऱ्या, चौकटीला बांधायची पितळी घंटा. ती पिशवी मी देवाजवळ ठेवली. गाड्या रद्द झाल्या होत्या.

पाडव्याला पाणी ओसरलं, चिखल राहिला. कारखान्याची बस मोठ्या रस्त्यापर्यंत आली, तसा सिद्धार्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गेला. नऊच्या सुमाराला नागोजीचा फोन आला. आमच्याकडे वीज तीन दिवस नव्हती. कमलिनीच्या मोबाईलमध्ये जेमतेम जीव होता.

"वैनीनू, माझी माणसां उद्या वेंगुर्ल्याक चल्ली. ती शिमग्याशिवाय येवची नाय. आज चौकट ऱ्हवली तर घर ऱ्हवला."

"दोन दिवस थांबा ना. गाड्या सुरू झाल्या की..."

तिकडं फोन सईबाईंनी घेतला. "कमल, बाये, मी हंयच आसय. लावू काय कुंकू? मी काय परकी आसय?"

कमलिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी देवाकडं पाहिलं.

"लावा," ती म्हणाली. मग घाईनं, "सईबाई, नारळ आहे का तिथं? आणि आधी उजव्या बाजूला..."

मोबाईल विझला होता.

ती खाली गेली आणि दुपारपर्यंत घरमालकाच्या उंबऱ्यावरून खराट्यानं चिखल लोटत राहिली. मी चहा नेला तो तसाच निवला.

पुढल्या मे महिन्यात तिघं जाऊन आली. आल्या संध्याकाळी ती वर मला भेटायला आली. घर छान झालंय म्हणाली. सईबाई भाकरतुकडा ओवाळायला दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या माहितेय, काकू? 'ये गो, लाजा नको. आपलाच घर समज.'"

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

सईबाई रोज सांजेला तिथं दिवा लावत होत्या, घर काळोखात असू नये म्हणून. शुक्रवारी उंबरा धुऊन हळदकुंकू. सौम्या दुसऱ्या दिवसापासूनच त्याला सईकाकूचं घर म्हणायला लागली.

"इतक्या मायेनं केलंय त्यांनी, की रागावताही येईना."

"तू लावलंस ना पण कुंकू?"

"लावलं. त्यांच्या कुंकवावरच."

"आणि किल्ली?"

"त्यांच्याकडेच ठेवून आले. दिवा कोण लावणार?"

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. सवयीनं तिनं मोबाईल हातात घेतला. फोन कुणाला करायचा ते सुचेना, तसा तिनं तो पदराला पुसून खाली ठेवला.