चिमाचे बूट आणि होडीचं डांबर

माझी नणंद चिमा चालली तरी तिचा पाय वाजत नसे. त्याचा मला रागच यायचा. मी चुलीकडे तोंड करून बसलेली असायचे आणि ही मागून येऊन एकदम कानाशी म्हणायची, "वैनी, च्या." माझ्या हातून एकदा दुधाचं पातेलं सुटलं ते त्यामुळेच, आणि बोलणी खाल्ली मी.

मी अंगणवाडीत पोरं सांभाळते. ओरडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. घरात मात्र चिमानं मला ओरडायची संधी फार दिली नाही, कारण ती घरात नसायचीच. उजाडायच्या सुमाराला आमच्या सासूबाई, यमुनाबाई, मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायच्या आणि चिमा ती पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे धावायची. धावायचीच म्हणते. जिची पाटी आधी बाजारात टेकते तिला गिऱ्हाईक आधी, म्हणून आमच्या बायका त्या वाटेनं चालत नाहीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत मासळी आणि बर्फाचं पाणी. पाऊल जोरात आपटलं की ते पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत उतरतं. त्यामुळे पावलं आखूड पडतात, गुडघे सैल राहतात, टाच जमिनीला जेमतेम टेकते. हे कुणी शिकवत नाही. चार वेळा पाठ ओली झाली की आपोआप जमतं.

चिमाला पोलीस व्हायचं होतं. दोन हजार तीन सालची भरती ही तिची वयात बसणारी शेवटची खेप. आधीच्या दोन खेपांना ती लेखी परीक्षेत राहिली होती. तेवढ्यात राजापूरकडचं एक स्थळ सांगून आलं. सासरे हयात नाहीत, तेव्हा घरात शब्द चालतो तो शिवाचा. शिवा म्हणजे चिमाचा थोरला भाऊ, होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि माझा नवरा. लिहिताना मी त्याला अरेतुरे करते, समोर नाही.

त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं, "यंदा झालं तर झालं. नाय तर राजापूरच्या मंडळींना व्हय म्हणून कळवणार. मग रडायचं नाय."

"बरं," चिमा म्हणाली. तिनं भात पुढे ओढला आणि जेवली.

भाट्याच्या पुळणीवर अभय सर भरतीच्या पोरापोरींना पळवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की यंदा मैदानावर जांभ्याची नवी खर, म्हणजे बारीक टोकदार खडी, पसरली आहे, मागच्या भरतीत अनवाणी पोरांचे पाय फाटले होते, तेव्हा बुटांशिवाय धावू देणार नाहीत. चिमानं आयुष्यात धावायला बूट घातले नव्हते. तिनं दुकानातले त्यातल्या त्यात जाड टाचेचे, गुबगुबीत बूट आणले. इतके पांढरे होते की सासूबाईंनी ते देवळीत ठेवायला सांगितले.

आणि मग चिमाचा पाय वाजायला लागला. धप, धप, धप. ती गल्लीच्या तोंडाशी आली की मला घरात कळायचं. मला वाटलं, चला, आता दूध तरी वाचेल. पण महिन्याभरात तिच्या नडग्या ठणकायला लागल्या. उंबरा ओलांडताना भिंत धरू लागली. धावण्याचा वेळ कमी व्हायचा तो वाढला. रात्री मी तेल चोळायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तीन किलोमीटर ठरल्या वेळेत पार पडले नाहीत, तर लेखीपर्यंत जायची गरजच नव्हती. शिवा ते सगळं बघत होता. काही बोलत नव्हता, आणि त्याच्या त्या न बोलण्यानं माझं डोकं फिरत होतं.

उलगडा झाला तो बंदरावर. एकदा सरावाहून येताना तिला उशीर झाला, म्हणून ती बूट न काढताच पाटी उचलून पळाली. सासूबाई मागून. दहा पावलं गेली नाहीत तोच त्या ओरडल्या, "गो, पाणी सांडतंय! पाठ बघ तुजी! घोडी हायस काय?"

चिमा थांबली. पाटी उतरवली, बूट काढले, पाटी पुन्हा घेतली आणि पळाली. पाठीवर थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. सरांनी तिला ओल्या वाळूवर एकदा बूट घालून आणि एकदा अनवाणी पळवलं आणि उमटलेली पावलं बघत बसले. बुटातल्या पावलाची टाच वाळूत खड्डा करून गेली होती, तीही शरीराच्या फार पुढे. "ढेंग लांब टाकायला मीच सांगत होतो," ते म्हणाले. "तू पाटी घेतल्यासारखी पळ. आणि बूट तर पाहिजेतच, पण असे बघ, की पायाला ते कळणार नाहीत."

मग दोघांनी मिळून डोकं चालवलं. साधे कापडी बूट आणले. त्यांचा तळ टाचेसकट सोलून काढला आणि तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर दाभणानं शिवलं. वरून बूट, खाली चपातीएवढं पातळ. सरांनी बजावलं होतं की लगेच सुसाट सुटायचं नाही, पोटऱ्यांना सवय होऊ दे. सुटायची चिमाला घाई होतीच, पण पोटऱ्यांनीच तिला आवरलं. हळूहळू नडग्या ठणकायच्या थांबल्या. पुन्हा एका सकाळी कानाशी "वैनी, च्या" आलं आणि मी दचकले, तेव्हा मला आनंदच झाला.

मैदानी परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चिमा ओटीवर बूट घेऊन बसली होती. चेहरा पांढराफटक. खाऱ्या पाण्यानं शिवण कुजली होती आणि दोन्ही तळ पुढून उघडे पडले होते. नव्यानं शिवावं तर भोकांपाशी रबर फाटत होतं.

शिवा बंदरावरून आला. उभ्या उभ्या बघितलं. इतक्या महिन्यांत त्यानं त्या बुटांना हात लावला नव्हता. आता उचलले आणि मांडवाकडे गेला. तिथे झापांच्या सावलीत धाकटी होडी डांबर लावायला काढून ठेवली होती. तासाभरानं बूट घेऊन आला. रबर डांबरानं चिकटवून त्यावर नांगर दाबून ठेवला होता म्हणे.

"होडीचं बूड सुटत नाय, तर ह्ये काय सुटतंय," एवढंच बोलला.

चिमानं बूट ओढून बघितले. घट्ट होते. मला त्या क्षणी नवऱ्याचं फार कौतुक वाटलं.

सकाळी मी आणि शिवा मैदानाच्या तारेबाहेर उभे होतो. आधी पुरुषांच्या तुकड्या झाल्या, त्या लांबत गेल्या, आणि मुलींना उभं केलं तेव्हा मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. लाल खर तापून निघाली होती. तारेला हात लावला तर चटका बसत होता.

चिमा छान सुटली. आखूड पावलं, मान ताठ, जणू पाटी डोक्यावर आहेच. बाकीच्या मुली धापा टाकत होत्या आणि ही एकेकीला मागे टाकत होती. मी तार धरून पुटपुटत होते. निम्मं अंतर गेलं आणि ती आमच्या समोरून गेली तेव्हा मला तिच्या उजव्या पायाखाली काहीतरी काळं लोंबताना दिसलं. डांबर वितळलं होतं. तळ पुढून सुटला होता आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजत होता. चिमाचा पाय वाजत होता! तिची लय तुटली. मागे टाकलेल्या दोघी तिच्या पुढे गेल्या.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. जन्म डांबरात काढलेल्या माणसाला ते उन्हात पातळ होतं हे ठाऊक नाही? राजापूरची मंडळी वाट बघत होती. आणि बूट ह्यानं न मागता उचलले होते.

"तुम्ही मुद्दाम केलंत," मी म्हणाले. हळू नाही. शेजारचे चार लोक वळून बघायला लागले.

शिवानं माझ्याकडे बघितलं. असं तोंड मी त्याचं कधी बघितलं नव्हतं, वादळात अडकून परत आला तेव्हासुद्धा नाही. त्यानं पायातल्या चपला काढून टाकल्या आणि तारेबाहेरून पळत सुटला.

तिकडे चिमानं वाकून, जवळजवळ न थांबता, तो तळ ओढून फेकून दिला. पुढच्या वळणावर दुसराही गेला. आता घोट्याभोवती नुसतं कापड आणि नाड्या, खाली तिचा स्वतःचा पाय, आणि त्याखाली तापलेली खर. तारेच्या आतून ती, बाहेरून शिवा, "चल गो बाय! पाटी हाय डोक्यावर! सांडू नको!" असं ओरडत. मीही ओरडत होते. काय ते आठवत नाही. चिमाचा पाय वाजायचा थांबला होता. पुढे गेलेल्या दोघी पुन्हा मागे पडल्या, आणि वेळ संपायच्या जरा आधी ती रेषेपलीकडे गेली.

तिथे भरतीच्या साहेबांनी तिला थांबवलं. "बूट कुठे आहेत?"

चिमानं पाय पुढे केला. नाड्या बांधलेल्या, कापड जागच्या जागी, खालून रक्त. साहेबांनी वाकून बघितलं.

"पायात आहेत," ते शेजारच्या हवालदाराला म्हणाले. "घ्या हिला. आणि आधी पाय धुवायला सांगा."

संध्याकाळी आमच्या अंगणात दोन घमेली होती आणि दोन्हींत हळदीचं कोमट पाणी. एकात चिमाचे पाय, दुसऱ्यात शिवाचे. चिमाच्या तळव्यांना दोन-तीन ठिकाणी कापलं होतं, बाकी ठीक होतं. शिवाच्या टाचा मात्र सोलून निघाल्या होत्या. कुणाचा हात धरल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं.

"दादा, टाच आपटून पळतोस तू," चिमा त्याचे पाय बघून म्हणाली.

"डांबर पाण्यात कदी सुटलं नाय गो," तो म्हणाला. "होडी सावलीत असते, नाय तर पाण्यात. ऊन माझ्या ध्यानातच नाय आलं." आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, घमेल्यात पाय सोडून, हमसून हमसून. मी त्याच्या पायांवर पाणी घालत राहिले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "राजापूरची मान्सं विचारतायत. काय कळवू?"

"लेखी व्हायचीय अजून, आये," चिमा म्हणाली. लेखीत नाही झालं तर राजापूर, हे ठरलेलं ती विसरली नव्हती.

शिवानं बाहीनं नाक पुसलं. "नाय म्हणून कळव."

"आनि लेखीत नाय झालं तर?"

"तरी पन नाय म्हणूनच कळव. तिला वाटंल तेवा बघू."

चिमानं आपलं घमेलं बाजूला सरकवलं, खाली वाकली आणि भावाची टाच हातात घेऊन त्यात रुतलेली खर नखानं एकेक करून काढायला लागली.