कापसाच्या घरात

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझं लग्न झालं आणि मी बुलढाण्याहून अमडापूरला आले. वडील बुलढाण्यात मास्तर होते. सासरी शेती होती, बरीचशी कापसाची. वेचणी सुरू झाली की कापूस घरात यायचा आणि मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचला जायचा. आम्हा दोघांची झोपायची जागा त्याच खोलीला लागून होती. मधे दार होतं, पण त्याला कडी नव्हती.

पहिल्याच दिवाळीनंतर मला शिंका सुरू झाल्या. नाक चोंदलं, मग कान दडपले. दुखत काहीच नव्हतं. मान खाली घातली की आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. स्वतःचं बोलणं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं मोठं ऐकू यायचं, भाकरी चावल्याचा आवाजही यायचा, पण समोरच्या माणसाचं बोलणं लांब गेलं होतं. ओठांकडे पाहिलं की कळे. पाठीमागून कोणी बोललं तर नाही.

सासूबाई अंगणातून हाक मारत आणि मी चुलीपुढे तशीच बसून राही. एकदा त्या आत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कवाची हाक मारून राह्यली मी. तुले ऐकू येत नाही का वं?"

"कान दडपले आहेत," मी म्हणाले.

त्यांना ते पटलं नाही. मास्तराची मुलगी, शिकलेली, म्हणून सासूला उत्तर देत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. तरी त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि मला कुशीवर निजवून कानात सोडलं. तेलाने कान आणखीच बंद झाला. आठ-दहा दिवस हे चाललं. मग त्यांचं मत बदललं: सून गर्विष्ठ नाही, बहिरी आहे. माझ्या दृष्टीने हे जास्त वाईट होतं.

सासऱ्यांनी वडिलांना निरोप धाडला. वडील एस.टी.ने आले. चहा झाला. सासरे सावकाश बोलले, मला कळावं म्हणून नव्हे, त्यांची पद्धतच तशी होती.

"मास्तर, पोरगी बहिरी हाये, हे लग्नाच्या आंधी सांगाले पायजे होतं."

"माझी मुलगी बहिरी नाही," वडील म्हणाले.

"मंग घिऊन जा अन् बरी करून आणा."

मी दारात उभी होते. दोघांचे ओठ मला दिसत होते. माझे यजमान तिथेच बसले होते. संध्याकाळच्या गाडीने मी वडिलांबरोबर बुलढाण्याला गेले. परत येईन की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रडू मात्र आलं नाही.

माहेरी काहीच औषध केलं नाही. शिंका थांबल्या आणि महिनाभरात कान आपोआप मोकळे झाले. एका सकाळी आई शेजारणीशी हळू बोलत होती, माझ्याचबद्दल, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

काही दिवसांनी यजमान आले. मी दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होते.

"पाणी देतं का थोडं?" ते मागून म्हणाले.

मी उठून तांब्या भरून आणला. ते हातातल्या तांब्याकडे पाहतच राहिले.

"तुले ऐकू येते?"

"येतं. इथे येतं."

ते मला घेऊन गेले. अमडापुरात आठवडाभरात पुन्हा शिंका, पुन्हा कान बंद. या वेळी त्यांनी घरात कोणाला विचारलं नाही. मला खामगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कपाळावरच्या आरशातून कानात उजेड पाडून पाहिलं, मग नाकात पाहिलं. झोपता कुठे, हे विचारलं. यजमानांनी कापसाच्या खोलीचं सांगितलं.

"पडद्यामागे पाणी साचलंय," डॉक्टर त्यांना म्हणाले. "अ‍ॅलर्जी आहे. यांना कापसाची धूळ मानवत नाही. नाक आतून सुजतं, कानाची वाट बंद होते."

त्यांनी एक रबरी फुगा माझ्या नाकपुडीला लावला, दुसरी नाकपुडी दाबली, पाण्याचा घोट गिळायला सांगितला आणि त्याच क्षणी फुगा दाबला. उजव्या कानात टक्क झालं. बाहेर रस्त्यावर टांगा चालला होता. घोड्याच्या टापा एकदम खोलीत आल्यासारख्या वाटल्या. डावा कान तेवढा उघडला नाही. गोळ्या दिल्या आणि कापसापासून लांब राहायला सांगितलं.

घरी यजमानांनी सगळं सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं.

"कापसाच्या घरात यिऊन कापूसच मानवत नाही म्हंते," ते म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

गोळ्यांनी झोप यायची. भाकरी थापता थापता माझे डोळे मिटत. सासूबाई दोन दिवस पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आमचं अंथरूण-पांघरूण उचललं आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, ज्वारीची पोती होती त्या खोलीत नेऊन टाकलं. पोती स्वतः ओढून एका बाजूला लावली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू धुळीत यू नको." सासऱ्यांनी रात्री विचारलं तेव्हा, "मीच नेलं," एवढंच बोलल्या.

त्यानंतर वेचणीच्या दिवसांत मधल्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. नाक दरवर्षी थोडं वाहायचं, कान एखादा आठवडा जड व्हायचा आणि मोकळा व्हायचा. डाव्या कानाने आजही जरा कमी ऐकू येतं. वडिलांना बोललेले शब्द सासऱ्यांनी कधी मागे घेतले नाहीत. वडिलांनीही तो विषय काढला नाही. सासरे माझ्याशी शेवटपर्यंत मोठ्याने बोलत राहिले. हळू बोललं तरी चालेल, असं मी एक-दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.